आरशावरच्या टिकल्या

रविवारी मी बाथरूम आवरायला काढलं आणि आई दारात येऊन उभी राहिली. मी एकेक वस्तू कचऱ्याच्या बादलीत टाकत होतो आणि ती एकेक परत काढत होती.

"हा ब्रश कशाला टाकतोस? नळ घासायला होतो."

"आई, याला केसच उरले नाहीत."

"तुझ्या बाबांना तरी कुठे उरलेत? टाकलं का त्यांना?"

बाहेर बाबा मोठ्याने खाकरले.

साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची, शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून हलवायचं, फाटक्या बनियनने वॉशिंग मशीन पुसायचं. आमच्याकडे कुठलीच वस्तू रिटायर होत नाही, नुसती बदली होते.

मग मी आरशाकडे वळलो. त्यावर ताईच्या टिकल्या होत्या. अंघोळीआधी कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवायची आणि तिथेच विसरायची, ही तिची सवय. लग्न होऊन ती नागपूरला गेली, टिकल्या राहिल्या. मी नखाने एक उचकटली आणि हुबेहूब ताईचा आवाज काढला, "आई गं, माझ्या टिकलीला कोणी हात लावला?"

आई हसेल असं वाटलं होतं. पण फुटक्या मगाचाही उपयोग सांगणाऱ्या बाईला टिकलीचा उपयोग काही सांगता येईना.

मी टिकली होती तिथेच दाबून बसवली.

आता दाढी करताना ती बरोबर माझ्या कपाळावर येते. टॉवेल द्यायला आलेली आई मागून आरशात बघते आणि म्हणते, "जरा डावीकडे सरक. हं, आता बसली नीट."