आधी धाकट्याने चाखायचं

काही घरांत रद्दी साठते, काहींत प्लास्टिकचे डबे. आमच्याकडे धाकटेपणाचे किस्से साठतात. एक सांगून होत नाही, तोवर दुसरा तयार! कारण माझा नवरा प्रताप हा राजाचा धाकटा भाऊ आहे. थट्टा नाही, खरोखरचा. राज्य म्हणजे तंजावूरकडची, कावेरीकाठची थोडी गावं. ती केव्हाच गेली. राजा तेवढा राहिला! तो, म्हणजे माझे मोठे दीर दादासाहेब, चेन्नईला गिंडीत पंपाचे सुटे भाग बनवण्याचं छोटं युनिट चालवतात आणि दसऱ्याला जरीची पगडी घालून पाटावर बसतात.

धाकट्याला पगडी नाही. धाकट्याला एक काम आहे. राजाच्या पानातला पहिला घास त्याने चाखायचा. विष असलं तर कळावं म्हणून. कुणाला कळावं? थोरल्याला! धाकट्याला कळून काय उपयोग?

एरवी मीही हसून सोडून दिलं असतं. पण यंदाच्या दसऱ्याला हे काम पुढच्या पिढीकडे जायचं होतं. दादासाहेबांचा आदित्य पुढचा राजा, आणि त्याच्या पानातलं चाखणार माझा पाच वर्षांचा ईशान. पानात असतं पायसम, म्हणजे इकडची खीर. आणि ईशानला काजूची अ‍ॅलर्जी आहे. साधीसुधी नाही. एकदा बर्फीच्या एका तुकड्याने त्याचे ओठ सुजले, मग श्वास अडकायला लागला, आणि मी अनवाणी हॉस्पिटलात पळाले. तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या डब्यांकडे पोलिसासारखी बघते. जरा जास्तच करते, मान्य. पण हे ऐका, आणि मग सांगा.

*

आमच्या लग्नाची पंगत. मी नाशिकची. उखाणा आठवडाभर घोकून आलेली. सगळे शांत झाले, मी उखाणा घेतला, जिलबीचा तुकडा उचलला... आणि नवरा उठून गेला!

समोरच्या रांगेत दादासाहेबांच्या पानातलं अंबट वरण चाखलं, मान हलवली, परत येऊन बसला आणि तोंड उघडलं. जिलबी माझ्या हातात तशीच.

आई माझ्या कानात म्हणाली, "इतकी भूक लागली होती तर आधी खाऊन घ्यायचं ना!"

*

चेन्नईतच, तिरुवल्लिकेणीत एक जुनी मेस आहे. दादासाहेबांना तिथला घी रोस्ट दोसा फार आवडतो. परवा दोघे गेले, तर दोसा आला, शंकूसारखा उभा. प्रतापने टोक मोडलं आणि तोंडात टाकलं.

वाढणारे आजोबा अदबीने म्हणाले, "सार, तुमचा दोसै येतोय. वाट बघा."

गप्प बसायचं ना! पण नाही. प्रतापने त्यांना तमिळमध्ये घराण्याची रीत समजावून सांगितली. राजा, शत्रू, विष, सगळं.

"ऐय्यो! आमच्या दोसैत विष?" आजोबांनी दादासाहेबांच्या पुढ्यातला अख्खा घी रोस्ट उचलला. "एळुंदिरी! उठा!"

बाहेर फुटपाथवर राजा उपाशी उभा, आणि धाकट्याच्या तोंडात दोसा. या घराण्यात धाकट्याचा फायदा झाल्याची ही एकच नोंद!

*

पेरुंगुडीच्या ऑफिसात हाच प्रताप मोठा साहेब आहे. चाळीसेक माणसं त्याला विचारल्याशिवाय सुट्टी घेत नाहीत. तिथे एकदा परदेशातला क्लायंट आला. केळीच्या पानावर जेवण. क्लायंट पाहुण्यांच्या मुख्य जागेवर, प्रताप त्याच्या डाव्या हाताला. घरी बसतो तसाच! रसम वाढलं गेलं आणि याचा हात आपोआप निघाला. क्लायंटच्या पानातला भात कालवला, चाखला, आणि मान हलवली. ओके.

ही दक्षिणेतली मोठ्या मानाची पद्धत असेल असं समजून क्लायंटने हात जोडले, आणि प्रतापच्या पानातला वडा उचलून खाल्ला.

मी विचारलं, "मग?"

"मग काय," प्रताप म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट मिळालं. पण वडा गेला."

*

दादासाहेब केस काळे करतात. प्रतापचे पांढरे झालेत. मागच्या महिन्यात दोघे रिक्षात बसले. रिक्षावाला प्रतापला म्हणाला, "अण्णा, तुम्ही आत सरका," आणि दादासाहेबांना म्हणाला, "तंबी, पाय आत घे." अण्णा म्हणजे मोठा भाऊ, तंबी म्हणजे धाकटा. राजाला तंबी!

मला तर त्या रिक्षावाल्याला ओवाळावंसं वाटलं. आमच्या यांनी काय केलं? गिंडी येईपर्यंत त्याला समजावत बसले, की थोरले कोण आणि धाकटे कोण. इतकं समजावलं, की रिक्षा वळणाच्या पुढे गेली. घाम पुसत, कडेकडेने दोघे मागे चालत आले. प्रताप दोन पावलं मागे!

मी चिडले. "तुला एकदाही राग येत नाही?"

"कशाचा?" म्हणाला. आणि खरंच विचारत होता! अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंकडे गेले. त्यांना सगळे आईसाहेब म्हणतात. त्यांची मराठी तंजावरी, आणि दराराही जुन्या वळणाचा.

"आईसाहेब, ईशान चाखणार नाही."

"अस्क्यांनी, सगळ्या धाकट्यांनी चाखलं. तुझ्या नवऱ्याने चाखलं. मेला का?"

"त्याला काजूने त्रास होतो. जिवावर बेततं."

"काजू घालू नको म्हणून स्वयंपाक्याला सांगितलंय. इतकं भ्यायचं कसाला?"

मी प्रतापकडे पाहिलं. तो चपलेचा पट्टा नीट करत होता. "एकच चमचा तर आहे गं," म्हणाला.

एकच चमचा! विष चाखायला पातेलं लागतं का? मी रात्रभर तळमळले. मध्येच वाटलं, आपणच हट्टी आहोत, लोक हसतील. मग वाटलं, हसू देत.

*

दसरा. दादासाहेब पगडी घालून पाटावर. शेजारी आदित्य, त्याच्यासमोर चांदीची वाटी. ईशानला नवं धोतर, ते सारखं सुटतंय. आईसाहेबांनी त्याच्या हातात चमचा दिला. पायसम पांढरंशुभ्र, घट्ट. एकही काजू दिसत नव्हता. वरून तळलेले बेदाणे फक्त.

"बघ," आईसाहेब मला म्हणाल्या. "दिसतो का कुठे?"

"दाट कशाने झालंय?" मी विचारलं.

"दुधाने."

"चाख, बाळा," आईसाहेब म्हणाल्या. ईशानने चमचा बुडवला. सगळे नातेवाईक बघत होते. प्रताप भिंतीला टेकून उभा होता, हात बांधून. मी पाहुण्यांच्या पायांवर पाय देत पुढे घुसले, पण मध्ये दोन मावश्या आणि एक समई होती.

तेवढ्यात पाटावरून दादासाहेब वाकले, ईशानच्या हातातला चमचा काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

राजाने धाकट्यासाठी चाखलं होतं! आईसाहेबांचा हात हवेतच राहिला. दादासाहेब डोळे मिटून जिभेवर पायसम घोळवत होते. पगडी कानावर कलली होती.

मग त्यांनी वाटी उचलली आणि लांब सरकवली. "काजू वाटून घातलाय," म्हणाले.

मी ईशानला ओढून घेतलं. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी प्रतापला थोरल्या भावावर आवाज चढवताना ऐकलं.

"दादा! आधी मी चाखायचं असतं!"

दादासाहेबांनी धोतराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"मग कुठे होतास इतका वेळ?"