सतरा नंबरचं वर्ष

मी राग विसरणाऱ्यांतली नाही. घरात म्हणतात, पोरगी डूख धरते. धरते. दहावीचा विषय निघाला की कॉलेजातल्या मैत्रिणींना निरोप समारंभाची साडी आठवते, सरांच्या नकला आठवतात. मला आठवते एसटीची शेड, आणि आमच्या मुख्याध्यापकांचं तोंड.

गणितात मी कच्ची होते, खोटं कशाला सांगू. नववीचा निकाल लागायच्या आधी सरांनी मला आणि आईला ऑफिसात बोलावलं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना लागणारं आमचं हायस्कूल लहान, पण दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के. तो कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

"हिला नववीत नापास करावं लागेल," सर म्हणाले. "नाहीतर दाखला काढा आणि सतरा नंबर भरा. वर्ष वाचेल."

सतरा नंबर म्हणजे शाळा सोडलेल्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म. तो भरला की पोर पास होवो नाहीतर नापास, शाळेच्या निकालात ते धरलंच जात नाही. आईला यातलं काय ठाऊक? तिला फक्त वर्ष वाचेल एवढंच ऐकू आलं. तिने सरांना हात जोडले. ती हात जोडत होती तेव्हा सर मोबाइल बघत होते. बाकी सगळं एकवेळ माफ केलं असतं, हे नाही.

बाबा मुंबईला होते. फोनवर म्हणाले, "एकदाच बसायचं. नाय जमलं तर महाडला कंपनीत पॅकिंगला जायचं." ते रागावून बोलले नव्हते, आमच्या वाडीतल्या मुलींचं तेच होत आलं होतं. म्हणजे माझ्याकडे एकच संधी होती, आणि ती शाळेच्या बाहेर बसून साधायची होती.

बाहेर म्हणजे अगदी दारातच. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. रेंज येते ती हायस्कुलासमोरच्या एसटीच्या शेडमध्ये. गणिताचे व्हिडिओ बघायला मी तिथे जाऊन बसायला लागले. दोनचार दिवसांनी लक्षात आलं की समोरच्या खिडकीतून दहावीचा वर्गसुद्धा ऐकू येतो. आमच्या गणिताच्या बाईंचा आवाज खणखणीत. फळा दिसत नव्हता, पण बाई प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून लिहायच्या. मी शेडमध्ये बसून त्यांच्याबरोबर सोडवायची. माझ्याच बरोबरीच्या मुली आत बाकावर जांभया देत होत्या आणि मी बाहेर शेळ्या हाकलत वर्गसमीकरणं करत होते. अंगाची नुसती आग व्हायची.

एकदा शिपाईमामा आले. बिचारे ओशाळलेले होते. "सर म्हणतात, हितं बसू नको. येणाऱ्याजाणाऱ्याला बरं दिसत नाय."

"शेड यष्टीची हाय ना, मामा? मग सरांना सांगा, मी गाडीची वाट बघतेय."

"कंच्या गाडीची?" असं त्यांनी विचारलं नाही. हसले आणि परत गेले. त्यानंतर सर ऑफिसातून बाहेर आले की मी पुस्तकातून डोकं वर काढून त्यांच्याकडे बघत राहायची, ते आत जाईपर्यंत. अभ्यासाला चिकाटी लागते असं लोक सांगतात. मला रागच पुरला.

निकाल लागला. शाळेत पहिल्या आलेल्या मुलीपेक्षा मला जास्त गुण होते. गणितात तर कितीतरी जास्त. आई रडली, बाबांनी फोनवर गुण दोनदा विचारून घेतले. पॅकिंगचा विषय कायमचा संपला.

आणि मग फाट्यावर फ्लेक्स लागला. शंभर टक्के निकाल, हार्दिक अभिनंदन, आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठा फोटो माझा! नववीच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्यांचा. ज्यांनी मला दाराबाहेर काढलं त्यांनीच मला डोक्यावर घेतलं होतं. आई म्हणाली, "बघ गो, सरांनी तुझा फोटो लावलाय." ती इतकी हरखली होती की मी मूग गिळले. दुसऱ्या दिवशी सर स्वतः घरी आले. गुणगौरव आहे, सरपंच येणार आहेत, आपल्या शाळेला विसरू नकोस, म्हणाले. मी म्हटलं, येते की.

सत्कार झाला. शाल आली, नारळ आला. मग मनोगत. मनोगतात काय बोलायचं ते ठरलेलं असतं, गुरुजनांचे आभार आणि आईवडिलांचे कष्ट. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "या शाळेने मला दहावीसाठी एकच गोष्ट दिली. शाळा सोडल्याचा दाखला. मी सतरा नंबरने पास झाले. माझा निकाल या शाळेचा नाही, फोटो काढून टाका. गणिताच्या बाईंचे आभार मानते, त्यांना ठाऊक नव्हतं की त्या मला शिकवतायत."

सर उठून माझ्याकडे यायला लागले. तेवढ्यात मागून एक बाई उभ्या राहिल्या. पलीकडच्या वाडीतल्या. "सर, माझ्या पोराला पण परवा हेच सांगितलंत. सतरा नंबर भर म्हणून." मग आणखी एक उठली. मग कुणाचे तरी बाबा. सरपंचांनी सरांकडे बघितलं. सर घाम पुसत माझ्याकडे बघत होते, आणि मी वर्षभर शेडमधून बघायची तशीच त्यांच्याकडे बघत होते.

त्या वर्षी कुणालाच दाखला दिला नाही. सगळी पोरं दहावीच्या वर्गात बसली. पुढच्या उन्हाळ्यात निकाल लागला तेव्हा मी महाडला अकरावी संपवून घरी आले होते. पलीकडच्या वाडीतल्या त्या बाईंचा मुलगा नापास झाला होता. मी जरा भीतभीतच त्यांच्याकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "दोनच विषय ऱ्हायलेत. जुलैला बसंल. वर्गात बसून नापास झालाय, कुणी हाकलला नाय त्याला."

फाट्यावर यंदा फ्लेक्स नव्हता. मी तिथूनच पेढे घेतले आणि सरळ सरांच्या ऑफिसात गेले. खोका उघडून टेबलावर ठेवला.

"कसले?" सर म्हणाले.

"यंदा शाळेचा निकाल खरा लागला, सर."

त्यांनी पेढा घेतला नाही. मी तिथेच उभी राहून खाल्ला, सावकाश, त्यांच्याकडे बघत.