आजोबांना झालेलं नव्या आईचं दुखणं

जिन्यावर घसरलो, असं मी घरात ठोकून दिलं होतं. घसरलो वगैरे काही नव्हतो. आठ महिन्यांच्या नातीला काखेत हात घालून दिवसातून पन्नासदा उचलायचो आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायची, की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मुलगी घरूनच ऑफिसचं काम करते. खरं कळलं तर ती नातीला पाळणाघरात घालेल, ही माझी धास्ती. निवृत्तीनंतर नातीला सांभाळण्याइतकं सुख मला कशातच मिळालं नव्हतं. पस्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेला मास्तर मी, पण खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

शेवटी मुलगीच मला आमच्या दांडिया बाजारातल्या घरून गावाच्या दुसऱ्या भागात, निजामपुऱ्यात, हाडांच्या गुजराती डॉक्टरांकडे घेऊन गेली. नात तिच्या कडेवर. एक्स-रेमध्ये काहीच दिसेना. मग डॉक्टरांनी मला अंगठा मुठीत मिटायला लावला आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकवलं. मी असा ओरडलो, की नात आधी दचकली आणि मग खदखदून हसली.

"काका, आ पडवाथी नथी थयुं," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हे पडल्यामुळे झालेलंच नाही. संधिवात नाही, नस दबलेली नाही, मार तर नाहीच नाही. अंगठा हलवणाऱ्या कंडरांवरचं आवरण सुजलंय, आणि त्याचं नाव टेनोसायनोव्हायटिस. मी ते तीनदा म्हणून पाहिलं. एवढं भारदस्त दुखणं आमच्या घराण्यात आजवर कुणाला झालं नव्हतं!

"नवी मम्मीओने बहु थाय," ते पुढे म्हणाले, "बाळकने ऊंचकी ऊंचकीने."

बाळाला उचलून उचलून नव्या आयांना होणारं दुखणं! मुलीने माझ्याकडे रोखून पाहिलं. आता पळवाट उरली नव्हती.

"तू हिला पाळणाघरात घातलं असतंस," मी पुटपुटलो.

डॉक्टर मान खाली घालून मनगटाचा पट्टा लिहून देत होते, पण हसू आवरताना त्यांचे खांदे हलत होते.

"बाबा, आता तीन आठवडे तिला उचलायचं नाही," मुलगी म्हणाली. माझा चेहरा पडला असणार, कारण तिने लगेच नातीला माझ्या मांडीवर आणून बसवलं. "उचलून मी देत जाईन. आणि पाळणाघराचं काय घेऊन बसलात? सकाळी डोळे उघडले की ही मला नाही, तुम्हाला शोधते."

भर दवाखान्यात मला रडू फुटलं. इतका आनंद झाला होता.