कागदावर पंचवीसशे

सहार विमानतळाच्या दाराबाहेर पपांनी मला निळं फोल्डर दिलं, तेव्हा मी मनानं कधीच विमानात जाऊन बसले होते. आई सुकेळ्यांचं पुडकं बॅगेत कोंबत होती, मावशी रुमाल डोळ्यांना लावून उगाच ट्रॉल्या मोजत होती, आणि पपा मात्र भर दुपारी त्या गर्दीत एकेक कागद काढून दाखवत होते. हा देवळातला लग्नाचा दाखला, हा सरकारी, हे त्यावरचे शिक्के, ही बी.कॉम.ची सर्टिफिकेटं, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. पपा तीस वर्षं जमिनीचे दस्त नोंदवायच्या कचेरीत कारकून होते. सख्खे भाऊ एकमेकांच्या शब्दावर विसंबून वाड्या कशा घालवून बसतात, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. म्हणाले, "जे ठरेल ते लिहून घे. कोणाशीही ठरो." मला हसू आलं. म्हटलं, "पपा, घरच्या माणसांकडून काय लिहून घ्यायचं?" त्यांनी फोल्डरची चेन लावली आणि माझ्या काखेत दिलं.

त्याला नऊ वर्षं झाली. वसईत राहिलेले तुम्ही सगळे फोनवर विचारता, नेल्सन आणि आमची लेक रिया अचानक परत कसे आले, भांडण झालं का. भांडण नाही झालं. झालं असतं तर बरं, निदान मिटवता आलं असतं. काय झालं ते एकदा नीट लिहून काढते. इथं आलेल्या माझ्यासारख्या बायकांनीही वाचावं, कारण ही चूक आपण 'आपल्या' लोकांतच करतो, परक्यांत कधी करत नाही.

इथं आखातात नवऱ्याला बायको आणायची तर पगार दाखवावा लागतो. महिना चार हजार दिरहॅम, म्हणजे आजचे ब्याण्णव-त्र्याण्णव हजार रुपये. नेल्सन तेव्हा जबल अलीच्या एका गोडाऊनमध्ये क्लार्क होता आणि तेवढा पगार नव्हता. तो सुपरवायझर झाला, पगाराचं पत्र आलं, आणि मगच आमचं लग्न ठरल्याचं जाहीर करणाऱ्या चिठ्ठ्या देवळात वाचल्या गेल्या. फादरांना वाटलं पोरांनी फार विचार केला. विचार कसला, आम्ही दोन वर्षं एका कागदासाठी थांबलो होतो. तो मिळाला आणि मी त्याच्या नावावर या देशात आले. माझ्या व्हिसावर स्पॉन्सर म्हणून त्याचं नाव, पुढे रिया झाली तिच्याही व्हिसावर त्याचंच. मला त्यात वावगं वाटलं नाही. आधी बापाच्या रेशनकार्डावर होते, आता नवऱ्याच्या व्हिसावर, एवढाच फरक.

खलिफा सिटीत एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या बाजूला आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. रिया दीड वर्षाची झाली तेव्हा मी काकांकडे नोकरीला लागले. काका-काकी नात्यातले नव्हेत, पुण्याकडचे. मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं केटरिंगचं किचन आहे. रोजचे डबे, गणपतीत मोदक, होळीला पुरणपोळी, आणि मी आल्यापासून नाताळात आपल्या लोकांसाठी तळलेले गोड फुगे. हिशेब, ऑर्डरी, बिलं सगळं माझ्याकडे. काकी मला मुलीसारखं वागवायच्या, हे आजही मी नाकारत नाही. रियाला ताप आला की डबा घरी यायचा, आणि माझ्या वाढदिवसाला त्या न चुकता साडी द्यायच्या.

पहिल्या दिवशी काकी नारळ खवत बसल्या होत्या. मान वर न करता विचारलं, "कागदावर किती दाखवू गं तुझं?" तिथं तशीच पद्धत होती. पगारातला काही भाग करारात आणि बँकेत, उरलेला पाकिटातून हातात. करारातला आकडा लहान ठेवला की माणूस नोकरी सोडताना मालकाला द्यावे लागणारे पैसेही कमी होतात. मी म्हटलं, "काहीही दाखवा काकी, मी नवऱ्याच्या व्हिसावर आहे." त्यांनी पंचवीसशे दाखवले. वर पंचवीसशेचं पाकीट. मी सही केली, आणि पपांची मुलगी असून करार वाचलासुद्धा नाही. वाचायला काय, तिथं चहा आला होता.

सहा वर्षं ते पाकीट महिन्याच्या महिन्याला वेळेवर आलं. एक दिरहॅम कमी नाही. म्हणून तर अक्कल गहाण पडली.

गेल्या वर्षी नेल्सनच्या कंपनीनं गोडाऊनचं अर्धं काम दुसऱ्या कोणाला देऊन टाकलं. आधी ओव्हरटाइम बंद झाला. मग कामगारांच्या कॅम्पमधून येणाऱ्या तीन बसपैकी एकच यायला लागली. नेल्सन संध्याकाळी घरी येऊन सांगायचा, आज अमुक खलास, आज तमुक खलास, आणि जेवायला बसायचा. आम्ही दोघं शहाण्यासारखं म्हणायचो, सुपरवायझरला कोण काढतं? एका गुरुवारी तो दुपारीच आला. बूट काढले नाहीत, तसाच दारात उभा राहिला. रिया शाळेतून येऊन टीव्ही बघत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मम्मा, आर वी इन ट्रबल?" मी म्हटलं, नाही गं. 

नोकरी गेली म्हणजे त्याचा व्हिसा गेला. त्याचा गेला म्हणजे आमचे दोघींचेही गेले, कारण आम्ही त्याच्या नावावर. मुदत साठ दिवसांची. तेवढ्यात त्यानं दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर सगळ्यांनी निघायचं. पण एक वाट होती, आणि ती मलाच सुचली म्हणून मी फार खूश झाले. मी काकांच्या कंपनीचा व्हिसा घ्यायचा आणि नेल्सन-रियाला माझ्या नावावर घ्यायचं. बायको नवऱ्याला स्पॉन्सर करू शकते. पगार मला पाच हजार होता, लागत होते चार. नेल्सनही त्या दिवशी हसला. म्हणाला, "मॅडम, आमच्या अर्जाकडे लक्ष असू द्या." आम्ही बिर्याणी मागवली.

दुसऱ्या दिवशी टायपिंग सेंटरमध्ये गेले. सरकारी अर्ज इथं तिथूनच भरले जातात. काउंटरवरच्या मल्याळी माणसानं माझा करार उघडला, बोट खाली नेलं आणि थांबला. "मॅडम, सॅलरी पच्चीस सौ है." मी म्हटलं, नाही, पाच हजार आहे, बाकीचे हातात मिळतात. तो माझ्याकडे बघत राहिला. त्यानं अशा किती बायका पाहिल्या असतील कोण जाणे. हळूच म्हणाला, "हाथ का कौन देखेगा, मॅडम?" मी बाहेर येऊन बराच वेळ गाडीत एसी लावून बसले. सहा वर्षं राबले ते कशासाठी, असं मोठ्यानं म्हटलंसुद्धा. पार्किंगवाल्या मशीनशी उभा असलेला माणूस वळून बघायला लागला.

तिथून तडक काकांकडे. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे. करारात आकडा बदलायचा, पाकीट बंद करून तेच पैसे बँकेत टाकायचे, त्यांच्या खिशातून जास्तीचं जवळजवळ काही जात नाही. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बघू. इन्शाल्ला." सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून "होऊन जाईल" ऐकलं होतं. इन्शाल्ला ते फक्त उधारी मागायला आलेल्या माणसांना म्हणायचे.

मग दिवस जायला लागले. एकीचा आकडा वाढवला तर किचनमधल्या अकरा जणी उद्या दारात उभ्या राहतील, हे काका बोलले नाहीत, पण मी त्यांचेच हिशेब लिहीत होते, मला कळत होतं. मी रोज सकाळी टेबलाशी बसायची आणि ते येताना दिसले की उठून उभी राहायची. ते मोबाइल कानाला लावून आत जायचे. फोन चालू नसायचा, हे मला काचेतून दिसायचं. काकी मला डबा जास्तच प्रेमानं भरून द्यायला लागल्या. एकदा मी सरळ विचारलं, तेव्हा भांडी आवरता आवरता एवढंच बोलल्या, "तूच म्हणाली होतीस ना, काहीही दाखवा." खरंच होतं ते. 

घरी नेल्सन दिवसभर अर्ज पाठवायचा. अल ऐनला एका इंटरव्ह्यूला गेला, दोन तास गाडी चालवून. तिथं त्याच्याच वयाचे चाळीस जण बसले होते. पहिल्या आठवड्यात तो मला मॅडम म्हणून चिडवायचा, तिसऱ्या आठवड्यात ते बंद झालं. मी किचनमधून आले की तो विचारायचा, "बोलले?" मी मान हलवायची. पुढे तो विचारेनासा झाला, फक्त दार उघडायचा. नऊ वर्षं मी त्याच्या नावावर राहिले आणि मला कधी लाज वाटली नाही. त्याला माझ्या नावावर यायचं आहे, हे चार लोकांना कळू नये म्हणून तो देवळात मिस्साला यायचा बंद झाला. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

चोविसाव्या दिवशी काकांनी करार बदलला. साडेचार हजार, म्हणजे पाचशे कमीच, पण सगळं बँकेतून. मी त्यांच्या पाया पडायचीच राहिले. प्रत्येक ओळ वाचली, दोनदा वाचली, आणि टायपिंग सेंटरकडे धावले. तिथल्या माणसानं कागद बघून "मबरूक, मॅडम" असं अभिनंदन केलं आणि मग सांगितलं की माझा कंपनीचा व्हिसा होऊन जाईल, पण त्या दोघांना माझ्या नावावर घ्यायला बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंटही लागेल. नवा पगार तीन वेळा जमा झालेला दिसला पाहिजे. आमच्याकडे छत्तीस दिवस होते.

मी म्हटलं, व्हिजिट व्हिसावर राहा दोघं, तीन महिनेच तर काढायचे आहेत. नेल्सन खिडकीशी उभा होता. म्हणाला, "माझ्याच घरात मी पाहुणा म्हणून राहू?" आवाज चढलेला नव्हता. पुढे मी आणखी काही बोलले असेन, मला आठवत नाही. त्यानं कपाटावरून बॅगा काढल्या. रियाच्या शाळेतून दाखला घेतला. तीनच महिने म्हणून तिची सायकल, तिची पुस्तकं, त्याची गाडी, सगळं इथंच ठेवलं. विमानतळ आमच्या घरापासून इतका जवळ आहे की रिया रस्ताभर एक गाणंसुद्धा पुरं करू शकली नाही. आत जाताना मी नेल्सनला म्हटलं, "स्टेटमेंट आलं की लगेच फाइल टाकते, तू तयार राहा." तो म्हणाला, "हो." नुसतं हो.

नऊ वर्षांपूर्वी मी पपांना मागे सोडून नवऱ्याकडे निघाले होते. आता नवरा आणि मुलगी तिकडे, पपांपासून दोन वाड्या पलीकडे, आणि मी इथं, त्यांना आणायच्या कागदाची राखण करत. पपांनी फोनवर एका शब्दानं मला बोल लावला नाही. मीच म्हटलं, लिहून घ्यायला हवं होतं पपा. ते म्हणाले, "जेवलीस का?"

पहिला पगार जमा झाला तेव्हा फोनवर रियानं विचारलं, "व्हेन आर वी कमिंग बॅक?" माझा जीव भांड्यात पडला. शाळा बुडू नये म्हणून तिला गावच्या शाळेत घातलं होतं, तात्पुरतं. नेल्सन भिवंडीच्या एका गोडाऊनला जायला लागला, तेही तात्पुरतं. सासूबाईंनी रियाचा युनिफॉर्म शिवून घेतला आणि व्हिडिओ कॉलवर दाखवला. बाह्या पार बोटांपर्यंत. मी म्हटलं, केवढा मोठा हा. त्या म्हणाल्या, "वाढतं अंग आहे, दोन वर्षं तरी बघायला नको." नेल्सन मागे उभा होता. मला वाटलं तो काहीतरी बोलेल. तो रियाची कॉलर नीट करत होता.

दुसऱ्या पगारापर्यंत रिया मराठीत उत्तरं द्यायला लागली होती. आठ वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, मराठीत बोल गं, आजीला काय कळणार. आता ती आजीसारखी हेल काढून बोलते, विहिरीवरच्या कासवाचं सांगते, चुलतभावंडांची भांडणं सांगते. मी इथं दोन खोल्यांत बसून ऐकते आणि हसते. फोन ठेवला की तिच्या सायकलवरची धूळ पुसते. दर शुक्रवारी टायरमध्ये हवा भरते, उगाच.

तिसरा पगार जमा झाला त्या दिवशी स्टेटमेंट काढलं, करार, भाड्याचे कागद, पपांच्या फोल्डरमधला लग्नाचा दाखला, सगळं ओळीनं लावलं. आता फक्त दोन गोष्टी हव्यात. नेल्सनचा पासपोर्ट तिकडे गेल्यावर नवा झाला, त्याची कॉपी, आणि दोघांचे पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो. फोनवर आधी रिया आली. तिला म्हटलं, बाळा, सगळं झालं, आता लवकर भेटू. ती खूप खूश झाली. म्हणाली, "मम्मा, म्हणजे तू घरी कधी येणार?"

मी घर म्हणायची ते या दोन खोल्यांना. तिला त्या घरी आणायला मी तीन महिने इथं एकटी बसले, आणि तेवढ्यात तिनं तो शब्द उचलून तिकडे नेऊन ठेवला. माझ्याकडे उरलाय तो करार, वाचून, समजून, सही केलेला. मग फोन नेल्सनकडे गेला. मी कॉपीचं आणि फोटोंचं सांगितलं. तो म्हणाला, "पाठवतो."

आज अकरावा दिवस. टायपिंग सेंटरवाला रोज विचारतो, मॅडम, आया क्या? मी सांगते, पाठवतो म्हणालाय. घरच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं?