विलासला दिसलेला माझा पासवर्ड

विलासला मी वर्षभर रोज सकाळी शिवी दिली. तोंडाने नाही, कीबोर्डवर.

काल तो गेला. हार्ट अटॅक. वय काय रे त्याचं, माझ्याच बरोबरीचा.

अंबडच्या आमच्या कंपनीत रजा, ओव्हरटाइम, पगार बघायची वेबसाइट त्याने एकट्याने बनवली होती. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय ओढत चालायचा.

साहेबांनी त्याला एसी केबिन दिली. मी अकाउंट्समध्ये, करकरणाऱ्या पंख्याखाली. जळलो मी. खोटं कशाला बोलू?

साइटवर पासवर्ड ठेवायचा होता. ठेवला: लंगडाविलास. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून.

स्वतःशीच हसलो पण होतो. हाड माझ्या जिंदगीवर!

टाइप करताना स्क्रीनवर ठिपके यायचे. मला वाटायचं, सगळ्यांना ठिपकेच दिसतात.

लोक पासवर्ड विसरायचे आणि विलासला फोन करायचे. तो लगेच सांगायचा. तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

मग त्याने साइट नव्या फ्रेमवर्कवर नेली, म्हणजे आतून नव्याने बांधली. एक दिवस माझ्या टेबलाशी आला.

"नवीन पासवर्ड टाक. आता सगळे हॅश करून ठेवतोय."

"म्हणजे काय करतोस?"

"तू टाकशील त्याचा पार भुगा करून ठेवायचा. त्यातून मूळ शब्द परत निघत नाही. लॉगिन करताना तू टाकलंस की त्याचाही तसाच भुगा करायचा आणि दोन्ही जुळवून बघायचे. जुळले की आत."

"मग आधी कसं होतं?"

"आधी जसाच्या तसा. साइटच्या आतला तक्ता उघडला की ओळीने सगळ्यांचे दिसायचे."

माझे कान तापले.

"माझा पण?"

तो माझ्या माऊसची वायर सरळ करत बसला. मग म्हणाला, "आता काहीही टाक भो. मला नाही दिसणार."

तिथेच पाय धरायला हवे होते त्याचे. मी काय म्हणालो? "चहा घेतोस का, विलास?"

"चल," म्हणाला. टपरीवर नेहमीसारखा बोलत राहिला. मी चहा ढोसला आणि विषय मिटला असं समजून गप्प बसलो. वर्षानुवर्षं.

आज सिडकोत त्याच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. मला बघून उठायला लागल्या.

"सुनीलभाऊ ना तुम्ही? परवासुद्धा तुमचं नाव निघालं होतं."

मी त्यांना हातानेच बसायला सांगितलं.

"हे म्हणायचे, कंपनीत सगळे मला लंगडा म्हणतात. एकटा सुनीलच नावाने हाक मारतो."

मला तिथे उभं राहवेना. बाहेर येऊन गाडीला किक मारली आणि निघालो.

वहिनींना खरं सांगायची हिंमत झाली नाही. इथे लिहितोय.

विलास, लाज वाटते रे. तुला श्रद्धांजली वाहायचं तोंड नाही मला, तरी वाहतो.