महादेवरावांची लांब पोळी

महादेवरावांना मी ओळखत होतो असं छातीठोकपणे म्हणायची माझी हिंमत नाही. नागपूरजवळच्या बेसातल्या आमच्या गल्लीत ते समोरच्या घरात सात वर्षं राहिले. तेवढ्या काळातलं आमचं सगळं बोलणं गोळा केलं तर एक दुपारही भरायची नाही. त्यांच्या आईचं नाव मला माहीत नाही, त्यांना चहात साखर किती लागायची तेही नाही. पुढे जे सांगतो त्यातलं थोडं मी कुंपणावरून पाहिलं, थोडं त्यांनी सांगितलं आणि बाकीचं मायाबाईंनी. मायाबाईंना कुठलीच गोष्ट अर्धी ठेवता येत नाही. चूकभूल झाली असेल तर ती माझी.

महादेवराव मूळचे मौद्याकडचे, धानाच्या शेतीतले. भावांमध्ये जमीन पुरेना, म्हणून ते बुटीबोरीला एका सूतगिरणीत लागले. काम एकच. चातीवरचा धागा तुटला की बोटांच्या चिमटीत दोन टोकं धरायची, पीळ द्यायचा आणि सांधा मारायचा. वीस वर्षं त्यांनी तेच केलं. डोळे मिटूनही त्यांचा सांधा चुकत नसे आणि ह्या गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान होता. पुढे गिरणीत आपला धागा आपणच सांधणारी यंत्रं आली. ज्यांना शिकायचं त्यांना शिकवतो, असं साहेबांनी सांगितलं. रामटेके धरून बरोबरीचे चौघे शिकले. महादेवराव तेव्हा बावन्न वर्षांचे होते. ह्या वयात आता काय शिकायचं, असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. घरी मात्र सांगितलं की गिरणीनं काढलं.

त्या दिवसानंतर घर खऱ्या अर्थानं गोपिकाबाईंच्या दोन हातांवर चाललं. त्यांच्या हातची लांब पोळी साऱ्या पंचक्रोशीत माहीत होती. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत लांब पोळी नसली तर वऱ्हाडी उठताना तोंड वाकडं करतात. पोळपाट नाही, लाटणं नाही. कापडातून गाळलेल्या कणकेत मीठ आणि पाणी घालून ती सैल भिजवायची, परातीत आपटून आपटून रबरासारखी करायची. मग गोळा उचलून दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यावर अलगद अंथरायचा. पोळी एवढी पातळ, की पलीकडचा विस्तव दिसावा. हे काम बायकांच्या टोळीचं. गोपिकाबाईंच्या टोळीत सहाजणी होत्या आणि त्यांतली सगळ्यांत बोलकी मायाबाई. पुरुषानं लाकडं फोडून द्यावी, पाणी आणून द्यावं, पण मडक्याला हात लावू नये असा शिरस्ता.

मागच्याच्या मागच्या वर्षी पौषात गोपिकाबाईंना लकवा मारला. उजवा हात लोंबायला लागला, उजवा पाय ओढत चालावा लागे, जीभ जड झाली. डॉक्टरांनी महादेवरावांना बाजूला घेऊन सांगितलं की पहिले सहा महिने सोन्यासारखे आहेत. हात चालवत राहिल्या तर पुष्कळसा परत येईल, नाहीतर आहे तसाच राहील. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. तिनं पिळायला रबरी चेंडू दिला. गोपिकाबाईंनी तो घेतला नाही. बोबडं बोलणं लोकांच्या कानी पडू नये म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून त्या पडून राहायच्या. मुलगा सुशील सकाळी नोकरीला निघायचा, तेव्हा ‘आई, जातो’ म्हणायचा. त्यालाही उत्तर नाही. असे दोन महिने गेले. महादेवराव कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडत आणि सहा महिन्यांतले किती उरले ते मोजत.

फाल्गुनात एकदा मायाबाई आल्या. लग्नसराईची कामं तोंडावर आली होती. गोपिकाबाईंचं मडकं वर्षानुवर्षं तापून मुरलेलं, त्याला पोळी चिकटत नसे. ते मिळेल का, असं त्यांनी भीत भीत विचारलं. खाटेवरून गोपिकाबाईंचा डावा हात उचलला गेला आणि हवेत एकदा हलला. घेऊन जा.

मायाबाई सांगतात, त्या क्षणी महादेवराव असे पांढरे पडले की त्यांना वाटलं, आता ह्यांनाही काही झालं. बाईनं न रडता, न बोलता, आपलं मडकं देऊन टाकलं होतं. आता राहिलं काय? महादेवराव उठले आणि मायाबाईंच्या हातातून त्यांनी मडकं काढून घेतलं.

“हे कुठंच जात नाही,” ते म्हणाले. “मी करतो पोळ्या.”

मायाबाईंना हसू आवरेना. “भाऊजी, तुमाले चहा तरी येते का?”

“नाही येत. ते बी शिकीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मागच्या अंगणातून धूर आला. मला वाटलं, कचरा जाळताहेत. पाहिलं तर महादेवराव चुलीपुढे उकिडवे, धोतराला कणीक, मिशीला कणीक. पहिल्या दिवशी कणीक इतकी सैल झाली की ती मडक्यावरून ओघळून विस्तवात गेली. दुसऱ्या दिवशी इतकी घट्ट, की तिची भाकरी झाली. तिसऱ्या दिवशी मनगट भाजलं. गल्लीतल्या बायका पाणी भरायच्या निमित्तानं कुंपणाशी रेंगाळत. एकीनं हसत हसत बांगड्या भरायचा सल्ला दिला. महादेवरावांनी मान वर न करता सांगितलं, की भरतो, पण काचेच्या नको, चुलीपाशी तापतात. दुसऱ्या दिवसापासून ती बाई रोज चांगली चाळलेली कणीक आणून द्यायला लागली.

खाटेवर गोपिकाबाई पडल्या पडल्या ऐकत होत्या. कणीक मुरली की नाही ते परातीवरच्या आवाजावरून कळतं. मुरलेली कणीक टाळीसारखी वाजते, कच्ची ओल्या फडक्यासारखी. नवरा कच्ची कणीक उचलायला लागला की आतून खाटेच्या लाकडावर डाव्या हाताचे ठोके पडत. पहिल्यांदा महादेवरावांना वाटलं, पाणी हवं असेल. ते तांब्या घेऊन धावले. गोपिकाबाईंनी तांब्या परतवला. तिसऱ्या वेळी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते पुन्हा आपटायला बसले आणि ठोके थांबेपर्यंत आपटत राहिले.

आठव्या की नवव्या दिवशी पोळी पहिल्यांदा कोपराच्या जवळ गेली. आणि तेवढ्यात ती मधोमध फाटली. त्यांच्या बोटांनी विचार न करता तेच केलं जे वीस वर्षं केलं होतं. फाटलेल्या दोन कडा चिमटीत धरल्या, पीळ दिला आणि सांधा मारला. पोळी मडक्यावर पडली. सगळीकडून ती करपून कडक झाली, पण सांध्याच्या जागी सुपारीएवढा कच्चा गोळा टुम्म उभा राहिला.

मागून खर्रर असा आवाज आला. गोपिकाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. खाटेपासून तिथवर त्या एकट्या, पाय ओढत आल्या होत्या. त्यांचं तोंड एका बाजूला वाकलं होतं आणि त्या हसत होत्या.

“गाठ मारून राहिले का... पोयीले?”

शब्द जड होते, अर्धे गिळलेले. पण दोन महिन्यांनी घरात गोपिकाबाईंचा आवाज झाला होता. महादेवरावांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. “मंग काय करू वं?” त्यांनी विचारलं.

“मोडा. पुन्हा... गोया करा.”

कणीक सांधत नसतात, हे गोपिकाबाईंनी त्यांना दहा मिनिटं लावून, एकेक शब्द जोडत समजावलं. फाटली की लाज वाटून घ्यायची नाही, गोळा करायचा, पाणी लावायचं आणि पहिल्यापासून आपटायचं. दुसऱ्या दिवशी त्या न सांगता चुलीपाशी पाटावर येऊन बसल्या.

मग ते रोजचंच झालं. महादेवराव गोळा ताणायचे, तेव्हा त्याचं एक टोक गोपिकाबाईंच्या उजव्या हाताच्या बोटांवर ठेवायचे. धर म्हणायचे नाहीत, नुसतं ठेवायचे. ज्या हातानं चेंडूकडे पाहिलं नव्हतं त्याला कणीक खाली पडू देणं जमेना. आधी अंगठा आवळला, मग पंधरा दिवसांनी मधलं बोट. व्यायाम शिकवणारी मुलगी आली, तिनं पाहिलं आणि चेंडू आपल्या पिशवीत टाकून घेऊन गेली. ह्याहून चांगला व्यायाम माझ्याकडे नाही, म्हणाली.

अशाच एका सकाळी, कणीक आपटता आपटता, महादेवरावांनी पंधरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगून टाकली. गिरणीनं काढलं नव्हतं. नवं यंत्र शिकायची भीती वाटली म्हणून मीच निघालो.

“रामटेकेच्या बायकोनं मले तव्हाच सांगतलं होतं,” गोपिकाबाई म्हणाल्या. “कणीक पाहा, वाळून राहिली.”

वैशाखात मायाबाईंच्या मुलीचं, अपेक्षाचं लग्न होतं. गोपिकाबाईंनी नुसतं येऊन बसावं, असा मायाबाईंचा हट्ट. मांडवामागे चार चुली पेटल्या होत्या, चार मडकी तापली होती आणि टोळीत एक हात कमी होता. महादेवराव धोतर खोचून चौथ्या चुलीपाशी जाऊन बसले. बातमी पसरायला वेळ लागला नाही. वराकडची माणसं खुर्च्या सोडून मागे आली. कोणी मोबाइल वर धरला. एक म्हातारा पाहुणा म्हणाला की आता पुरुष पोळ्या टाकणार तर बायकांनी काय वरात नाचवायची. टोळीतली एक म्हणाली, नाचू की, तुम्ही भांडी घासा.

पहिली पोळी सगळ्यांदेखत फाटली. हशा झाला. महादेवरावांचे कान लाल झाले, पण त्यांनी ती शांतपणे गोळा केली, पाणी लावलं आणि पुन्हा आपटायला लागले. परात टाळीसारखी वाजली. गोपिकाबाईंनी हनुवटी किंचित हलवली. गोळा हातांवर चढला, मनगटावरून पुढे सरकला, कोपरापर्यंत आला, आणि पातळ, अख्खी, कुठेही न फाटलेली पोळी मडक्यावर अशी उतरली जशी खाटेवर धुतलेली चादर पडावी. आता कोणी हसलं नाही. त्या म्हाताऱ्या पाहुण्यानं ती पोळी आपल्या पानात वाढून घेतली आणि दुसरीही मागितली.

त्या दिवशी महादेवरावांनी साठ पोळ्या टाकल्या. पंगती उरकत आल्या तेव्हा गोपिकाबाईंनी पाट पुढे ओढला. कोणाला काही न विचारता त्यांनी परातीत दोन्ही हात घातले. डावा हात काम करी, उजवा त्याच्यामागून अडखळत जाई. सगळी टोळी हातातलं काम थांबवून बघत होती. गोळा उचलला, हातांवर घेतला, ताणला. उजवीकडे पोळी जाड राहिली, डावीकडे बरी. झाली ती रुमालाएवढी, तीही वाकडी. पण ती फाटली नाही आणि गोपिकाबाईंनी ती स्वतःच मडक्यावर अंथरली.

मायाबाई ती नवरीच्या पानात वाढायला निघाल्या. गोपिकाबाईंनी अडवलं. असली पोळी माझ्या नावानं पंगतीत जायची नाही, गाईला द्या, म्हणाल्या. आवाज तोच जुना, टोळीतली पोर चुकली की चढायचा तो. महादेवरावांनी पोळी मायाबाईंच्या हातातून काढून घेतली, घडी केली आणि तिथेच उभ्या उभ्या, कोरडी, सगळी खाल्ली. मायाबाईंनी मला ही गोष्ट तीनदा सांगितली. तिन्ही वेळा त्या इथेच थांबल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

पुढच्या लग्नसराईत टोळी पुन्हा सहाची झाली. त्यांतला एक महादेवराव. गोपिकाबाई मीठ-पाणी बघत, कणीक ऐकत आणि शेवटच्या पाच-सहा पोळ्या स्वतः टाकत. ह्या पोळ्या आता रुमालासारख्या चौकोनी कमी आणि लांब जास्त व्हायला लागल्या होत्या.

ह्या दिवाळीनंतर सुशीलची बदली चंद्रपूरला झाली आणि दोघं त्याच्याबरोबर निघाली. तिकडे गोपिकाबाईंच्या बहिणीच्या सुनांनी आधीच निरोप धाडला होता की आम्हाला शिकवा, आणि भाऊजींनाही आणा. सकाळी सामान गाडीत चढत होतं. मी फाटकाशी उभा होतो. इतक्या दिवसांत तुमचं मोठं कौतुक वाटलं, असं काहीसं म्हणायचं मी रात्रीच ठरवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते एवढंच, “निघाले का?”

“हो, निघतो आता,” महादेवराव म्हणाले. “थे दूधवाला येईन, त्याले सांगून द्याजा, आमचं अर्धा लिटर उद्यापासून बंद.”

“सांगतो,” मी म्हणालो.