आषाढात घातलेलं पाणी

मनोहर बेंद्रे यांनी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं हे ते ठरवायचे, आणि त्याबद्दल गावभर शिव्या खायचे. निवृत्तीनंतर तीन महिन्यांच्या व्हिसावर ते डीमन या डच गावी मुलीकडे, उत्तराकडे आले. आमचं दार त्यांच्या समोरचं. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं, तेही नको तितक्या तपशिलानं.

उत्तरा वनस्पतिशास्त्राची. नवऱ्याच्या, यतीनच्या, आयटीतल्या नोकरीमागून इकडे आली, दोन वर्षं घरी बसून डच शिकली आणि मग एका वनस्पती उद्यानात लागली. करार वर्षावर्षाचा. सप्टेंबरात तो कायम होणार की संपणार, एवढा एकच विषय त्या उन्हाळ्यात त्यांच्या जेवणाच्या टेबलावर असायचा.

तिच्याकडे काचघराचा एक कोपरा होता, चॅपरलचा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर अशी झुडपांची दाट रानं आहेत. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळाभर ठणठणाट. म्हणून पानं लहान, जाड, चामड्यासारखी. काही झुडपांचं बी तर वणव्याची धग नाहीतर धूर लागल्याशिवाय उगवतच नाही. कोपऱ्यातल्या पाटीवर तिथले ससे, लावे आणि कोल्हे काढलेले होते. मधोमध तीस वर्षांचं एक मॅन्झनिटा होतं, गुळगुळीत लाल खोडाचं. लोक तिकीट काढून ते बघायला यायचे.

मनोहरराव रोज मुलीबरोबर ट्रामने जायचे आणि त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे. या झाडाला उन्हाळ्यात पाणी चालत नाही, हे उत्तराने त्यांना दोनदा समजावलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं. जुलै उजाडला. गावाकडे आषाढ, शेताच्या बांधाला पाणी लागलेलं, आणि इथे हे झाड भुकटीसारख्या मातीत पानं उभी धरून बसलेलं. ऊन चुकवायला ते पानं तशी धरतं, हेही त्यांना सांगून झालं होतं. तरी ज्या गल्लीतून तक्रार येत नाही तीच सगळ्यात कोरडी असते, हा त्यांचा खात्यातला अनुभव होता.

शेजारी नेच्यांसाठी भरलेली झारी असायची. उत्तरा डबा खायला गेली की ते ती झारी मॅन्झनिटाच्या बुडाशी रिकामी करायचे. असं पाच आठवडे चाललं. तहानलेल्याला पाणी पाजतोय, पुण्यच करतोय, अशी त्यांची पक्की समजूत. मग लपून कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, पोरगी ओरडली असती. म्हणजे कळत होतं. मला या माणसाचा राग येतो तो इथेच.

ऑगस्टात आठ दिवसांत झाडाचं पान न् पान तपकिरी झालं. उकरून पाहिलं तर मुळं काळी पडलेली. गरम माती ओली राहिली की बुरशी मुळं खाऊन टाकते. काचघराची प्रमुख मारायके हिने उत्तराकडे लेखी अहवाल मागितला.

घरी मनोहररावांचं जेवण सुटलं. यतीनला वाटलं, हवा मानवली नाही. उत्तरा काहीच विचारत नव्हती, आणि त्यामुळे त्यांना जास्तच कसंतरी होत होतं. चौथ्या दिवशी ते तिला न सांगता मारायकेच्या खोलीत गेले आणि खात्यातल्या इंग्रजीत उभ्या उभ्या म्हणाले, "पाणी मी घातलं. माझ्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं."

मारायकेने त्यांना बसवलं, कॉफी दिली आणि उत्तराला बोलावून घेतलं. टेबलावर अहवाल होता. त्यात उत्तराच्या सहीने लिहिलं होतं की पाणी देण्यात माझ्याकडून चूक झाली. मुळं उकरली त्या दिवशी तिला मॅन्झनिटामागे झारी सापडली होती, पालथी घातलेली. रिकामं भांडं पालथं घालून ठेवायची सवय तिच्या माहितीत एकाच माणसाला होती. बापाला परक्या देशात कुणासमोर मान खाली घालायला लागू नये, म्हणून तिने चूक आपल्या अंगावर घेतली.

मारायके आवाज न चढवता म्हणाली की झाडं मरतात, तिच्या हातूनही मेली आहेत. पण उद्यान नोंदींवर चालतं, आणि जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्याला ती कायम करू शकत नाही. करार सप्टेंबरात संपेल. इथली माणसं असं तोंडावर सांगतात आणि मग दारापर्यंत सोडायला येतात. तीही आली.

ट्राममध्ये दोघं शेजारी बसली. खरं बोलून आपण मोकळे झालो आणि पोरीला बुडवलं, हे मनोहररावांना आता कळलं होतं. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवणं जमत नव्हतं. "तुझी नोकरी मी घालवली," ते म्हणाले.

उत्तराने पर्समधला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

"नोकरी मी घालवली, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही फक्त झाड मारलंत."